दुसऱ्या मजल्यावरचं एकच दुकान

“एस्कलेटर बंद कर दो. ऊपर जाता कौन है?” विनोद भैया फोनवर इलेक्ट्रिशियनला सांगत होते. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. “दीदी, दुसऱ्या मजल्यावर एकच दुकान उरलंय. मेश्राम मॅडम. त्या मराठी, तुम्ही मराठी. समझाइए उनको. कोचिंगवाले कधीही सही करायला येतील.”

विनोद भैया आमच्या मॉलचे बिल्डर. मी त्यांची लीजिंग मॅनेजर. लीजिंग म्हणजे रिकाम्या गाळ्यांना भाडेकरू शोधायचे, आलेल्यांना टिकवायचं आणि जाणाऱ्यांना नीट निरोप द्यायचा. माझ्या नोकरीत हे तिसरंच काम जास्त झालं.

आमचा मॉल रिकामा का पडला, ते आधी सांगते. माझा जन्म तात्यापाऱ्यातला, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतला. रायपूर मध्य प्रदेशातलं एक व्यापारी गाव होतं, तेव्हापासून मी ते पाहिलंय. मग छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झाली. ज्याच्याकडे रस्त्याला लागून प्लॉट, तो कॉम्प्लेक्स बांधायला लागला. विचारलं की उत्तर ठरलेलं, “अब तो कैपिटल है.”

मॉल बांधण्याआधी एक रिपोर्ट करतात. त्यात कॅचमेंट मोजतात. कॅचमेंट म्हणजे जिथून लोक आपल्याकडे खरेदीला येऊ शकतात, ती आसपासची वस्ती. आमचा रिपोर्ट मी नोकरीला लागल्यावर वाचला. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त आमच्या रिपोर्टात जी कुटुंबं होती, तीच पलीकडच्या मॉलच्या रिपोर्टात होती आणि त्याच्या पलीकडच्याही. कुटुंबाला आठवड्यात रविवार एकच मिळतो. तो सगळ्यांनी आपापल्या नावावर लिहून घेतला होता. शिवाय घरात लग्न निघालं की बस्ता बांधायला ते कुटुंब जाणार पंडरीच्या जुन्या कापड बाजारातच, हे कोणत्याच रिपोर्टात नव्हतं.

पुढे मंत्रालय शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपूरला गेलं. नोकरदार सकाळी बसने तिकडे जायचे, संध्याकाळी जुन्या शहरात परतायचे आणि येताना भाजी घ्यायचे. ब्रँडेड शर्ट घेत नव्हते.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर सिनेमा येणार होता. अशा मोठ्या भाडेकरूला अँकर म्हणतात. लोक त्याच्यासाठी मुद्दाम येतात आणि जाता-येता बाकीच्या दुकानांत डोकावतात. अँकर नसला तर दुसरा मजला चढायला कोणाला कारण राहत नाही. सिनेमावाले आमच्यापेक्षा नव्या मॉलमध्ये गेले आणि वरची शटरं एकेक करून खाली आली. गाळे विकलेले होते, भाडेकरू शोधायचं काम तेवढं आमच्याकडे, त्यामुळे मालक वेगवेगळे. कोणी रिटायर शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी गावाकडची शेती सांभाळणारा. सगळ्यांच्या गाळ्यांना कुलूप.

अशात एका कोचिंग क्लासने पूर्ण मजला भाड्याने मागितला. मालकांना हायसं वाटलं. सगळे तयार झाले. मेश्रामकाकू सोडून.

मी बंद केलेल्या सरकत्या जिन्यावरून चढून वर गेले. त्याच्या पायऱ्या उंच असतात, धाप लागते. वर पोचले आणि थांबलेच. एक दुकान सोडलं तर मजला रिकामा, असं मी कित्येक महिने फाइलमध्ये लिहीत होते. पण टोकाच्या गाळ्यापुढे सतरंजी अंथरलेली होती. पाच-सहा बायका बसल्या होत्या. कोणी ब्लाउज कापत होतं, कोणी साडीला फॉल लावत होतं, कोणी नुसतीच भिंतीला टेकून बसली होती. पोरं कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. गाळ्यावर पाटी होती, ‘सौ. कुसुम मेश्राम, लेडीज टेलर’.

काकू मशीनवर होत्या. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“तू विनोदची माणूस न?”

“हो काकू. मॉलच्या ऑफिसातली.”

“मंग बस. चहा घे. पण जागा नाही सोडत मी.”

चहा घेतला. मग मी माझं म्हणणं मांडलं. खाली ग्राउंड फ्लोअरला गाळा मिळवून द्यायचा प्रयत्न करते, तिथं गिऱ्हाईक जास्त, जिना चढायला नको.

“गिऱ्हाईक असंल, मी काहून नाही म्हणू? पण ह्या बायका कुठं बसतीन? खाली तुमचा गार्ड बाईले घडीभर उभं राहू देत नाही. म्हणते, दीदी, आगे चलो. आन् हे पोट्टे?”

“या सगळ्या शिकायला येतात की शिवून घ्यायला?”

“काही शिकाले येतात. काही काहीच कराले नाही येत. घरून निघाले कारण पाहिजे न बाई, ब्लाउजचं माप हे चांगलं कारण आहे.”

बायका हसल्या. काकूंनी दोरा तोडला आणि जरा हळू आवाजात म्हणाल्या, “तुले अजून एक सांगतो. आमचे हे रेल्वेत होते. गोंदियापासून इथपर्यंत पूर्ण जिंदगी क्वार्टरात गेली. क्वार्टरले नंबर राहते. रिटायर झाल्यावर ह्यांनी हा गाळा माझ्या नावानं घेतला आन् पाटी लावली. माझं नाव कुठं लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.”

तरी मी माझं बोलले, कारण तेही खरंच होतं. “काकू, बाकीच्यांनीही असेच हौसेनं गाळे घेतले होते. त्यांचे कुलूप लावून पडलेत. तुम्ही नाही म्हणालात तर कोचिंगवाले दुसरीकडे जातील.”

“हव,” काकू म्हणाल्या. मग मशीन सुरू केली.

मी खाली येऊन विनोद भैयांना सांगितलं की थोडा वेळ द्या. त्यांनी दिला नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या कॉरिडॉरचे दिवे बंद होते. गाळ्यातली वीज ज्याची त्याची असते. कॉरिडॉर, जिना, संडास यांची मॉलकडे. तेवढी तोडली की दुकान चालू राहतं, पण तिथं पोचायची हिंमत होत नाही. नोटीस न देता माणसाला हलवायची ही जुनी रीत आहे.

गाळ्यात दिवा होता, पण बायका बाहेर अंधारात, म्हणून काकूंनी मशीन ओढून कॉरिडॉरच्या मोठ्या काचेजवळ नेली आणि उन्हाच्या उजेडात शिवायला बसल्या. बायका मोबाइलचा टॉर्च लावून येत राहिल्या. दुपारी त्यातली एक, कडेवर पोर घेऊन, अंधाऱ्या जिन्यात घसरली. कठड्याला धरलं म्हणून वाचली. पोर घाबरून रडत होतं, त्याचा आवाज खाली ऑफिसात आला.

मी विनोद भैयांच्या केबिनमध्ये गेले. “लाइट चालू करवाइए. अभी. नहीं तो मैं घर जा रही हूँ.”

“दीदी, आप किसकी तरफ हो?”

“मॉल की तरफ. ऊपर एक ही चीज़ चल रही है, और हम उसी को बुझा रहे हैं.”

ते मोठ्याने ओरडले नाहीत. वाईट माणूस नव्हते ते. वडिलांची जमीन विकून हा मॉल उभा केला होता आणि रोज सकाळी आपल्याच इमारतीत शिरताना त्यांना वर बघवत नसे. त्यांनी इलेक्ट्रिशियनला फोन केला. मला म्हणाले, “कोचिंगवाली मैडम आप सँभालो. डील गया तो आप जानो.”

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. काकूंची बाजू घेतली खरी, पण तो रिटायर शिक्षक माझ्यासमोर येऊन विचारेल, तर त्याला काय सांगणार होते?

कोचिंगच्या तिवारी मॅडम आल्या, तेव्हा मी त्यांना केबिनमध्ये न बसवता थेट वर नेलं. सतरंजी, बायका, पोरं, सगळं तसंच होतं. काही आवरायचं नाही, असं मी काकूंना सांगूनच ठेवलं होतं. मॅडम थांबल्या.

“ये दुकान तो चल रही है.”

“जी. यही एक है जो नहीं छोड़ रहीं. आपको पूरा फ्लोर ही चाहिए?”

“हमें ब्रोकर ने पूरा दिखाया, तो हमने पूरा माँगा,” त्या म्हणाल्या. “हमें शांति चाहिए, बस.”

पूर्ण मजलाच हवा का, हा प्रश्न इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता. ब्रोकरने मोठा सौदा मागितला, विनोद भैयांनी तो धरला आणि आम्ही सगळे एका बाईच्या मागे लागलो.

मॅडम मोकळ्या स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, मुलींना सोडायला आया येतात, तासन्‌तास उन्हात स्कूटीवर बसतात, त्या इथं बसतील. पण क्लास चालू असताना मशीनचा आवाज आणि पोरांची पळापळ चालणार नाही. काकूंना ते पटलं नाही. “पोट्ट्यांले मी काय बांधून ठेवू?” बराच वेळ दोघी बोलल्या, एक हिंदीतून, एक मराठीतून, आणि दोघींना सगळं कळलं. शेवटी ठरलं असं की काकूंच्या गाळ्याअलीकडे काचेची पार्टिशन घालायची. त्यांना मागचा जिना. आग लागली तर बाहेर पडायला तो जिना नियमाने उघडा ठेवावाच लागतो, म्हणून त्या बाजूला वर्दळ असलेली बरीच. बाकी सगळा मजला कोचिंगचा.

सह्या झाल्या. शिक्षकाचा गाळा भाड्याने गेला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पार्टिशनमुळे कॉरिडॉरचा छोटासा तुकडा काकूंकडे राहिला. पळायला जागा नाही म्हणून पोरं कंटाळायची, आणि पोरं कंटाळली की त्यांच्या आया लवकर उठायच्या. काही जुन्या बायका यायच्या बंद झाल्या. त्यांच्या जागी कोचिंगच्या मुलींची वाट पाहणाऱ्या आया बसू लागल्या. त्या शिवायला टाकायच्या, पण शिकायच्या नाहीत. “धंदा वाढला,” काकू एकदा म्हणाल्या, “पण गंमत कमी झाली.”

लोक मला विचारतात, रायपुरात दुकानं जास्त झाली का? झाली. पण त्या मजल्यावर मला जे दिसलं, त्यामुळे उत्तर तिथं संपत नाही. शहरात दुकानं जास्त होती आणि काही न घेता बसायची जागा कमी होती. एका रिकाम्या मजल्यावर काही दिवस ती चुकून तयार झाली. आम्ही ती भाड्याने दिली. देणं भागच होतं.

पुढे विनोद भैयांनी नवा रायपूरच्या रस्त्यावर प्लॉट घेतला आणि मला साइटवर बोलावलं. रस्ता असा रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, आणि ओळखायला पलीकडे माणूसही नव्हता.

“कितना बनाएँ, दीदी?”

मी म्हटलं, सध्या जमिनीलगत एक ओळ बांधा. चहा, मेडिकल, किराणा, झेरॉक्स. वर काही नको. लोक राहायला आले की पाहू.

“और ऊपर कोचिंग?”

“आधी एक कोचिंग येऊन विचारू दे.”

त्यांनी एकच मजला बांधला. स्लॅबच्या वर मात्र कॉलमच्या सळया उघड्या ठेवल्या, पुढच्या मजल्यांसाठी. त्या अजून तशाच उभ्या आहेत, पावसात गंजतात, आणि भैया दर वर्षी त्यांना सिमेंटचं पाणी मारून घेतात. माझ्या धंद्यात याला मी यश म्हणते. गंजलेल्या सळईसाठी निदान भाडेकरू तरी शोधावा लागत नाही.