भुयाराच्या वाकणापाशी

भुताखेतांवर मी कधी विश्वास ठेवला नाही, आणि आजही मला कोणी त्यातला समजू नये. चौथीतून शाळा सोडली, पुढचं आयुष्य कातळ फोडण्यात गेलं. जांभ्या दगडाचं मला पुस्तकवाल्यांपेक्षा जास्त कळतं. हे आधी सांगतो... मग हसायचं तर हसा.

वेळणेश्वरच्या अलीकडे आमची वाडी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बागेत यावं म्हणून चाळीसेक वर्षांपूर्वी मी आणि थोरल्या भावाने, दादाने, कातळातून भुयार खणलं. तो वरून, मी खालून. मध्ये जुळलं, पण वाकडं. दादाची रेघ चुकली, असं मी तेव्हापासून वाडीभर सांगत आलो. तो उलट कधी बोलला नाही. तीन वर्षांपूर्वी गेला.

यंदा मे महिन्यात वर पाणी तुंबलेलं आणि खाली थेंब नाही. दादाचा मुलगा संदेश रत्नागिरीत, मांडवीला असतो. वायरिंगची कामं करतो. तो लेकीची रिमोटची गाडी घेऊन आला. तिच्यावर चिकटपट्टीने कॅमेरा आणि छोटी टॉर्च बांधली.

"खेळण्याने भुयार साफ होणार काय?" मी म्हटलं.

"अडलंय कुठे ते तरी दिसेल, काका. की तुम्ही सरपटत जाताय?"

मागे सुतळी बांधायला मीच लावली.

दुपारचे बारा. वाकणापर्यंत मोबाईलवर नीट दिसत होतं. तिथे चित्र गेलं, रिमोटही चालेना. जरा थांबून गाडी सुतळीने ओढून काढली आणि कॅमेऱ्यातलं कार्ड लावून बघितलं. वाकणापाशी ढासळलेली माती, गाडी जागच्या जागी... आणि आवाज. ठक, ठक, ठक. मग शांत. मग परत तीन.

संदेश धावत वर जाऊन आला. वरचं तोंड पाण्याखाली बुडालेलं, माणूस कोणी नाही.

"चाक आपटलं असेल," तो म्हणाला.

खणताना दिशा कळावी म्हणून आम्ही घण ठोकायचो – दादाचे तीन, उत्तराला माझे दोन. शेवटी शेवटी जेवणाच्या डब्यावरून आमचं वाजलं. तो आतून ठोकत राहिला, मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. म्हणून ते वाकण. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं... संदेशला सांगितलं.

"म्हणजे बाबा चुकले नव्हते."

"नाय."

तो बराच वेळ सुतळी गुंडाळत राहिला. "आईला तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाला.

तसाच वहिनीकडे गेलो. ती अंगणात आमसुलं पलटत होती. सगळं ऐकलं, पण हात थांबले नाहीत तिचे. "आता मला सांगून काय, भावोजी? ज्यांनी ऐकायचं ते गेले."

माती नंतर माणसं लावून काढली, पाणी येतंय. संदेशने तो आवाज दोघा-तिघा जाणकारांना ऐकवला. एक म्हणतो खडे पडले, दुसरा म्हणतो पाण्याचा दाब. असेलही. पण मी जन्मभर कातळ ऐकलाय. दगड पडतो, फुटतो... उत्तरासाठी थांबत नाही. तिथे कोण थांबलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.