बाईसाहेबांची झोप

आमच्या घोड्यांच्या फार्मवरच्या मोतद्दाराला सगळे मामा म्हणत. त्यांचा खरा भाचा कुणी पाहिलेला नाही. घरी मामींनी चार हाका मारल्या तरी मामांना ऐकू येत नसे. पागेत घोडी नुसती फुरफुरली तर हातातला घास टाकून उठत. मामी म्हणत, "पुढच्या जन्मी मला घोडी कर रे देवा." मामा म्हणत, "तुझा खरारा कोण करणार?"

पागेतली थोरली घोडी म्हणजे मामांच्या बाईसाहेब. दोन हंगाम रिकाम्या गेलेल्या. यंदाही गाभण राहिली नाही तर व्यापाऱ्याला देऊन टाकायची, असं मालकांनी बजावलं. मामांनी मान डोलावली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

घोडीचं शरीर उजेडावर चालतं. हिवाळ्यात अंधार फार, तेव्हा मेंदू अंडाशयाला कळवतो, सध्या काम बंद. म्हणून पागेत दिवस मावळल्यावरही दिवे ठेवतात. मेंदूला वाटतं, वसंत आला. तो संप्रेरकं सोडतो, अंडाशयात बीजाची पिशवी वाढते, पुरती वाढली की फुटते आणि बीज सुटतं. फसवणूकच आहे, पण शास्त्रशुद्ध.

बाकीच्या घोड्या फसल्या. बाईसाहेब फसेनात. फार्मवर येणाऱ्या घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. वाटाण्याएवढ्या चार पिशव्या, वाढायचं नाव नाही.

"हिच्या मेंदूत अजून हिवाळाच आहे. मामा, दिवा लावता ना?"

"रोज लावतो."

"मग?"

"मग तुम्ही सगळे गेलात की हिच्यावरचा तेवढा बंद करतो. डोळ्यांवर येतो हो तिच्या. वय झालंय, झोप नको?"

डॉक्टरीणबाई उपड्या बादलीवर बसल्या आणि मामांना मेंदूपासून अंडाशयापर्यंतचा सगळा रस्ता समजावला. मामांनी ऐकून घेतलं, टोपी काढली आणि थेट मालकांपुढे जाऊन उभे राहिले.

"दिवा मी बंद करत होतो. दोष घोडीचा नाही. विकायचं तर मला विका."

"तुला घेणार कोण?" मालक म्हणाले. बराच विचार करूनही दोघांना गिऱ्हाईक सुचलं नाही. शेवटी घोडीला हंगाम संपेपर्यंत मुदत मिळाली.

दिवा जळत राहिला, बाहेरचे दिवसही मोठे होत गेले. एक पिशवी बाकीच्यांना मागे टाकून वाढली. ती वेळेवर फुटावी म्हणून डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि घोडा दाखवला. पुढच्या तपासणीत पिशवी जागेवर नव्हती. बीज सुटलं होतं. दोनेक आठवड्यांनी पडद्यावर गर्भाशयात काळा गोल ठिपका दिसला. मामा त्याला वाकून नमस्कार करणार होते, डॉक्टरीणबाईंनी यंत्र सांभाळलं.

मालकांनी व्यापाऱ्याला नकार कळवला. सगळे म्हणाले, "मामा, जा, बाईसाहेबांना सांगा!"

"काय सांगू? विकायला काढलं होतं हेच मी तिला कळू दिलेलं नाही," मामा हळू आवाजात म्हणाले. "आणि आता या अवस्थेत तर कुणी विषयच काढू नका."