जाते म्हणणारी बाई

लिहितेस ना? वरती नक्षीबिक्षी काढत बसू नकोस. तुझ्या आत्याला शिकवायला जी बाई यायची, तिची गोष्ट आहे ही. मी तिला चोर समजत होते, ते पण लिही. लपवू नकोस.

तुझी आत्या वेडी नाही, हे आधी लिही. तिचं डोकं जरा वेगळं चालतं. बोललेला शब्द ती जसाच्या तसा धरते. लहान असताना मी चिडून म्हणाले, "तोंड बंद कर," तर दोन्ही ओठ बोटांनी दाबून संध्याकाळपर्यंत बसली होती. बेचाळिसाव्या वर्षी तिला पहिली नोकरी लागली, इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. तीन महिने काम बघणार आणि मग ठेवायची की नाही ते सुपरवायझर ठरवणार. अशा माणसांना नोकरीत टिकायला शिकवणारं एक केंद्र होतं, तिथून ही बाई आली.

पन्नाशीची, काटकुळी, पायात पुरुषी बूट. बोलताना माझ्याकडे म्हणून बघायची नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी लगेच चौकशी सुरू केली.

"लग्न झालंय?"

"नाही."

"का बरं?"

"घरात दुसरं माणूस असलं की आवाज फार होतो."

आता यावर काय बोलायचं, सांग! मी म्हटलं, "याआधी कुठे होतात?"

"पोस्टात. अठरा वर्षं पत्रं लावली. रजा मागितली की साहेब म्हणायचे, बघू. मी म्हणायचे, बघा. आणि टेबलासमोर उभी राहायचे. 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं. कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून आता हे काम करते."

तासभर आत्याजवळ बसली, वहीत काहीबाही लिहिलं, आणि दारात जाऊन म्हणाली, "जाते." भरल्या घरातून 'येते' म्हणायचं सोडून चक्क जाते! माझ्या हातातली वाटी सुटायचीच बाकी होती. ती जिना उतरली तशी मी खणातले चमचे मोजले. तुझी आई म्हणाली, "आई, तुम्ही पोलिसात असायला हव्या होतात."

हसा तुम्ही. पंधरा दिवसांनी आत्या ताटावर हात आडवा धरून मला म्हणाली, "अजून भात नको." जन्मात कधी नको म्हणाली नव्हती, मी वाढेन तेवढं खायची. मी म्हटलं, बाईनं कान भरले. आज भात नको, उद्या आई नको.

त्यात सुपरवायझरचा निरोप आला. म्हणे, काम चोख आहे, पण सुट्टी झाली तरी ही घरी जात नाही, दारात उभी राहते, वॉचमनला कुलूप लावता येत नाही. असंच चाललं तर ठेवणार नाही. झालं! माझी खात्रीच पटली, यामागे बाईच असणार. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी लाँड्रीत गेले आणि मळक्या चादरींच्या ट्रॉलीमागे लपले. हो, या गुडघ्यांनी!

पाच वाजले. हिच्याबरोबरच्या सहाजणी पदर सारखे करत निघाल्या. "येते गं!" "येते हं!" आत्या दारात, नजर रस्त्याला लागलेली. बाई तिथेच होती. तिनं विचारलं, "कुणाची वाट बघतेस?"

"सहाजणींची. येते म्हणाल्या. कुणीच येत नाही. रोज खोटं बोलतात."

अगं, तुझे आजोबा "येतो" म्हणून इस्पितळात गेले. नंतर आम्ही हिला सांगितलं, बाबा गेले. जाताना तर तिनं पाहिलंच होतं! तेव्हापासून रोज संध्याकाळी ती खिडकीत. आम्ही म्हणायचो, बापाची आठवण काढते. नऊ वर्षं ती वाट बघत होती गं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच बाईनं सहाजणींना एकत्र बोलावलं. मीही गेले होते, उघड. ती म्हणाली, "निघताना येते नका म्हणू, जाते म्हणा." पाचजणी फिदीफिदी हसून हो म्हणाल्या. सगळ्यांत थोरली, तिला तिथे मावशी म्हणत, ती फणकारली.

"जाते म्हणू? मी काय मरायला निघालेय?"

"नाहीतर हिची नोकरी जाईल," बाई मशीनकडे बघत म्हणाली.

मावशी माझ्याकडे वळली. "तुम्ही आई ना? तुम्ही म्हणता का कधी?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी म्हणाले, "मी आता घरी जाते." आणि मनात देवाचं नाव घेतलं.

आत्या म्हणाली, "बरं. मी पाचला निघते." आणि घडीला लागली. मान वर करून पाहिलंही नाही.

मावशी जरा घुटमळली. "मी 'उद्या आठला' म्हणेन. चालेल?"

आत्या घडी घालता घालता म्हणाली, "शनिवारी नाही चालणार. शनिवारी 'सोमवारी आठला' म्हणा."

"अगं बाई, ही तर सुपरवायझरचीही सुपरवायझर निघाली!"

त्या संध्याकाळी खिडकीपाशी जाऊन मी आत्याला सांगितलं, बाबा मेले. हाच शब्द वापरला. ती म्हणाली, "असं का नाही सांगितलं?" तिनं खिडकी लावून घेतली.

तीन महिने भरले आणि सुपरवायझरनं कागद पाठवला. मला अक्षर येत नाही. तुझ्या आईनं वाचला, म्हणाली, कायम केलंय. माझं मन राखायला म्हणत असेल, म्हणून शेजारणीला दाखवला. तीही तेच म्हणाली. दोघींनी संगनमत केलं असलं तर? शेवटी आत्याच्याच हातात दिला. तिनं वरच्या शिक्क्यापासून खालच्या सहीपर्यंत सगळं वाचलं, तारखेसकट, जावक क्रमांकासकट. तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकले.