विठाबाईचा शिक्का

माझी सासू विठाबाई भांडायला उभी राहिली की गल्लीतले बाप्येसुद्धा टोपी सावरत बाजूनं निघून जायचे. तोंड असं फटकळ, की भल्याभल्याला खाली मान घालावी लागायची. तिला स्वतःला मात्र एकाच माणसापायी मान खाली घालावी लागली, तिच्या लेकापायी. तो भागवत, माझा नवरा.

आमचं गाव लातूरकडच्या मुरुडच्या अंगाला. शाळेच्या रस्त्यावरच देशी दारूचं दुकान. माझा सासरा त्या दुकानानंच नेला, पोट फुगून, डोळे हळदीवानी पिवळे होऊन. त्याच्यामागं सासूनं लोकाच्या रानात खुरपून लेक वाढवला, आणि लेक मिसरूड फुटताच त्याच दुकानाच्या दारात जाऊन बसला. गिरणीवर दळण घेऊन सासू गेली की बायांचं बोलणं मधीच थांबायचं. तेवढ्यानं ती अर्धी व्हायची. मला म्हणायची, "पुनम, नवऱ्याची लाज म्हणजे दुसरीच्या लेकाची लाज गं. लेकाची लाज आपल्याच पोटची. ती कुणावर ढकलावी?"

माझी तनुजा आठवीला आहे. मैत्रिणीला कधी घरी आणत न्हाई. विचारलं तर म्हणती, घर लांब पडतं. शाळेपासून आमचं घर दिसतंय की हो!

ह्या वर्षी समोरच्या घरच्या रईसाभाभीनं सगळ्याला तोंड फोडलं. बांगड्या भरायला गावभर फिरते, तिला घराघरातलं ठाऊक. ती म्हणली, "काकी, बायांनी अर्ज केला तर सरकार मतदान घेतंय. चिठ्ठीवर दोन बाटल्या असत्यात, एक उभी, एक आडवी. गावातल्या निम्म्याहून जास्ती बायांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. जी बाई घरी बसली ती उभीच्याच कामाला आली."

सासूनं तिथंच पदर खोचला. भागवतची रिकामी बाटली पिशवीत टाकून ती घरोघर फिरली. म्हाताऱ्या बायांचा घोळ व्हायचा, आडवी म्हणजे बंद का चालू. सासू बाटली उंबऱ्यावर उभी करायची आणि चापट मारून पाडायची. "हे बघ, अशी झोपवायची. झोपली म्हंजे दुकान झोपलं. कळलं का?" एक जण म्हणली, "विठाबाई, आमचा धनी रोजच आडवा असतो, त्याच्यावरच मारते की शिक्का!" सगळ्या हसल्या. सासूबी हसली. लई दिसांनी हसली बघा.

पण घरी आल्यावर तिच्या जिवाला एक घोर होता, आणि तो मला माहीत होता. दिवाळीच्या आधी भागवतनं लेकीची शपथ घेऊन दारू एकदम सोडली होती. दोन रोज नीट गेले. मग हातपाय थरथराय लागले, भिंतीवर मुंग्या दिसाय लागल्या, आणि चहा पिता पिता त्याला आकडी आली. दातखीळ बसली. आम्ही त्याला लातूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले, "लिव्हर सुजलंय, दारू सोडायलाच पाहिजे. पण इतकी वर्षं पिणाऱ्यानं अशी घरच्या घरी एकदम सोडायची नाही, जिवावर बेततं. इथं दाखल करून, औषधं देऊन सोडवू." भागवतला उठून बसता आलं तसा तो म्हणला, "मी काय येडा हाय का दाखल व्हायला?" आणि घरी आल्या आल्या दुकानात गेला.

दुसरी गोष्ट गल्लीतल्या सत्यमची. मागं एकदा दुकानाला सील लागलं होतं. तेव्हा सत्यम मोटारसायकल घेऊन मुरुडला प्यायला गेला, आणि येताना उसाच्या ट्रॉलीवर आदळला. त्याला चादरीत बांधून आणला. सासूनं ते बघितलं होतं.

एकदा ज्वारी पाखडता पाखडता तिनं मला विचारलं, "पुनम, दुकान गेलं की ह्यो घरी बसंल व्हय गं? का मुरुडचा रस्ता धरंल?"

मी फणकारले. "धरू द्या की! रोज रोज मेल्यावानी जगण्यापरीस एकदाच काय ते होऊन जाऊ द्या."

नवऱ्याबद्दल असं बोलले मी. तिनं सुपातली ज्वारी तशीच ठेवली आणि उठून गेली. पुन्हा तो विषय तिनं काढला न्हाई.

मतदान शाळेतच होतं. सासूनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यांना हाताला धरून रांगेत उभं केलं. दुकानवाल्याची माणसं फाटकाबाहेर उभी होती. त्यांना म्हणली, "काय बघता रे? तुमच्या माया बी आत हाईत!" ती सगळ्यांत शेवटी मत द्यायला गेली. आत जरा वेळच लागला. बाहेर आली तशी रईसाभाभीनं विचारलं, "काकी, झोपवली का?"

"हाव," म्हणली, आणि पाणी प्यायला गेली.

दुपारनंतर मोजणी झाली. आम्ही हरलो. लई न्हाई, एका गल्लीच्या बाया जरी जास्ती आल्या असत्या तरी काम झालं असतं, एवढ्यानं. रईसाभाभी तिथंच मातीत बसली आणि रडाय लागली. "कोण अवदसा होती ती? कुणी उभीवर मारलं?" म्हणून मी शिव्या देत सुटले. सगळ्या गावाच्या बायांचा उद्धार केला. सासू माझ्या शेजारी उभी होती. माझा दंड धरून घराकडं ओढाय लागली. मला वाटलं, दुःखानं.

घरी येऊन चूल पेटवली न पेटवली तोच हलगी ऐकू आली. दुकानवाल्यानं मिरवणूक काढली होती, आणि पुढं नाचत होता आमचा भागवत. गुलालानं लाल. तो तसाच अंगणात आला, सासूच्या पाया पडला, आणि दोन्ही हातांनी तिच्या कपाळाला, तोंडाला गुलाल फासला.

"माय, आपण जितलो!"

एरवी तिनं खराटा उचलला असता. गल्लीतल्या बाया दारादारातून बघत होत्या. त्या दिवशी तिनं तोंड पुसलंसुद्धा न्हाई.

भागवत ओसरीवरच कलंडला. सासू आत आली, माझ्यापुढं खाली बसली. "पुनम, मी उभीवर मारला."

मला आधी वाटलं, हिचा घोळ झाला. गावाला शिकवणारीचाच घोळ. म्हणलं, "आत्या, चुकून झालं आसंल."

"चुकून न्हाई. शिक्का हातात धरला अन् मला सत्यमची चादर दिसली. आडवीवर हात जाईना. गावात पिऊन पडला तर उचलून तरी आणता येतंय गं. मुरुडच्या रस्त्यावरून कसा आणू?" मग तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. "रईसाला काय तोंड दाखवू? तिला मी हाव म्हणले. ह्यानं 'आपण जितलो' म्हणलं, अन् ते खरं हाय. मी त्याच्यातलीच झाले."

माझ्या अंगाची आग झाली. वाटलं, अस्सं हिला हाताला धरून रस्त्यात न्यावं आणि ओरडून सांगावं, बघा गं बायांनो, ही अवदसा! तनुजा दाराआड उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी उठलेसुद्धा. तरातरा ओसरीवर आले.

भागवत तोंड उघडं टाकून पडला होता. गुलालात लाळ गळत होती. आकडी न्हाई, थरथर न्हाई, घोरत होता. रस्त्यावर न्हाई, माझ्या दारात होता. आणि ते बघून, खरं सांगते, मला बरं वाटलं. सासूवर बोट रोखायला निघालेली मी, मला बरं वाटलं!

मी कुणाला हाक मारली न्हाई. शरमेनं मेल्यासारखं झालं. समोरच्या दारातून रईसाभाभीनं विचारलं, "पुनम, काकी कशी हाय गं? लई मनाला लावून घेतलं का तिनं?"

मी मान खाली घालून म्हणलं, "हाव भाभी. लई."