भाऊजींचं भिंग

वर्धा जिल्ह्यात माणसाचा चेहरा विसरून त्याच्या बोटांच्या बेचक्या लक्षात ठेवणारा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या थोरल्या ताईच्या नशिबी आला. भाऊजी अल्लीपूरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि नालवाडीत घर बांधून राहिले. दुसऱ्या कुणी गुलाब लावले असते, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला असता. भाऊजींच्या हाती भिंग पडलं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी सावंगीकडे त्वचारोगाची डॉक्टर आहे. ती गावोगावी खरजेची शिबिरं घेते, आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिमट्यासारखं बसणारं एक बारकं भिंग देऊन काही हौशी माणसांनाही तिनं कामाला लावलं आहे. खरजेचा किडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो कातडीत बारीकशी वाट कोरत जातो आणि त्या वाटेच्या टोकाशी भिंगातून एक काळपट त्रिकोण दिसतो. दिसला की फोटो काढायचा, डॉक्टरीणबाईंना पाठवायचा, त्या हो म्हणाल्या की मलम. सुई नाही, रक्त काढणं नाही, वर्ध्याची चक्कर नाही. इतकं साधं काम भाऊजींकडे आलं आणि आमच्या सगळ्या गोतावळ्याची झोप उडाली.

मुळात हा माणूस सोवळ्यातला, म्हणजे जंतूंच्या सोवळ्यातला. कुणाशी हात मिळवायचा नाही, लांबूनच नमस्कार. पाहुणे म्हणून आले तरी स्वतःची चादर, स्वतःचा टॉवेल आणि पाण्याचा स्वतःचा गडवा घेऊन येणार. दुसऱ्याच्या बाजेवर बसायची वेळ आलीच तर आधी आपला दुपट्टा अंथरणार. ताईनं लग्न झाल्यापासून यांचे कपडे उकळत्या पाण्यात धुतले. एवढं असूनही भिंग हाती आल्यावर ते जगाची बोटं धरू लागले, आणि प्रत्येक वेळी ती सोडली की तडक उठून साबणानं हात धुऊ लागले. आमच्या गावात एका मयतीला आले तेव्हा त्यांनी घरच्या कर्त्या मुलाचा हात इतका वेळ हातात धरून ठेवला की बायकांना पुन्हा रडू फुटलं. गुरुजींना केवढी माया, असं सगळे म्हणाले. मी शेजारीच होतो. गुरुजी त्याची बोटं एकेक करून फाकवत होते.

यात ते दर वेळी बरोबर असत असं मुळीच नाही. एकदा गावच्या एका पुढाऱ्याच्या करंगळीजवळ त्यांना त्रिकोण सापडला. उत्तर येण्याआधीच त्यांनी भर चौकात निदान जाहीर केलं. डॉक्टरीणबाईंनी कळवलं, सर, तो तंबाखूचा कण आहे. पुढारी बरेच दिवस आमच्या दारावरून तोंड फिरवून जात होता. तेव्हापासून भाऊजींनी उत्तर येईपर्यंत तोंड न उघडण्याचा नेम केला, आणि तो पाळलाही. पण उत्तर आल्यानंतरचं काय? आयुष्यभर मागच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज त्यांना खाली आणताच येत नाही. ते कानात सांगतात ते गोठ्यातल्या म्हशीलाही ऐकू जातं. एका बारशाला त्यांनी ताईच्या कानात सांगितलं की बाळाच्या आत्याला मलमाची गरज आहे. आत्या न जेवता निघून गेली आणि त्या घराशी आमची बोलचाल बंद झाली ती आजतागायत.

म्हणून माझ्या मुलीच्या, पल्लवीच्या लग्नाला दोन आठवडे उरले असताना भाऊजी चादर, टॉवेल आणि गडवा घेऊन आमच्या अंगणात उतरले, तेव्हा मी आधी अंगणात कोण कोण बसलंय ते पाहून घेतलं. आमचा भाजीपाल्याचा धंदा. उन्हाळ्यात भेंडी असते आणि भेंडी तोडणाऱ्याचे हात खाजतातच. पल्लवी महिनाभर हात खाजवत होती, तिची आईही खाजवत होती, मला पोटावर खाजत होतं, तरी आम्ही सगळे भेंडीलाच बोल लावत होतो. पोटानं कुणी भेंडी तोडत नाही, हे घरात एकालाही सुचलं नाही. मेडिकलमधून आणलेल्या कुठल्याशा ट्यूबनं चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

पल्लवीनं भाऊजींच्या गडव्यात पाणी आणून दिलं. भाऊजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. मी कान टवकारून उभा राहिलो. त्यांनी गडवा खाली ठेवला आणि तिला घेऊन आतल्या खोलीत गेले. मागोमाग मी आणि माझी बायको गेलो. बाहेर अंगणात लग्नाच्या कुरडया चालल्या होत्या. मुक्कामाला आलेल्या माझ्या दोन चुलत बहिणी होत्या, आधीच मदतीला आलेली ताई होती, आणि त्यांच्यात मांडी घालून बसली होती नवऱ्या मुलाची सख्खी मावशी. ती आमच्याच गावात दोन घरं सोडून राहते. मनानं वाईट नाही, पण तिच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट दुपारच्या जेवणाआधी हिंगणघाटला मुलाच्या घरी पोचते. आणि आतमध्ये भाऊजींचा तो आवाज.

खिडकीपाशी पल्लवीचा हात उजेडात धरून भाऊजींनी भिंग लावलं, फोटो काढला आणि पाठवला. मग आम्ही चौघं त्या फोनकडे पाहत बसलो. बायकोनं त्यांना हात जोडले आणि खुणेनंच सांगितलं, हळू. नवरीला खरूज आहे म्हटल्यावर मुलाकडचे काय म्हणतील, हळद घेऊन येणाऱ्या बायका तिच्या अंगाला हात लावतील का, की हळद दारातूनच परत जाईल, असं काहीबाही माझ्या मनात येत होतं. पल्लवीनं हात तसाच खिडकीत धरला होता. तिनं खाली मान घालून विचारलं, "आतोबा, तिथं समजलं तं काय होईन? मोडतीन का ते?"

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, हो सर, आहे. घरात राहणाऱ्या आणि मुक्कामाला असलेल्या सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावा, खाजत नसलं तरी. आठवड्यानं पुन्हा एकदा. कपडे-पांघरुणं गरम पाण्यातून काढा.

खरी अडचण आता पुढेच होती. एकट्या पल्लवीला गुपचूप मलम लावून भागणार नव्हतं. चुलत बहिणी तिच्याच गोधडीत झोपत होत्या. मावशी रोज तिच्या वेण्या घालत होती. सगळ्यांना सांगायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण एकदा अंगणात गेलं की ते पल्लवीच्याच नावानं हिंगणघाटला जाणार. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला. "पोरीचं नाव निंघू द्याचं नाई," एवढंच ते म्हणाले आणि उठले. त्यांनी काय ठरवलंय ते मला कळेना. मी जीव मुठीत धरून त्यांच्यामागे बाहेर गेलो.

अंगणात त्यांचा वर्गातला आवाज परत आला. "बायाहो, हात थांबवा जरा. मले खरूज झाली हाये. शिबिरात लोकायचे हात पाहता पाहता लागली. मागच्या महिन्यात इथंच मुक्काम करून गेलतो, म्हून आता सगळ्याइनं मलम लावा. मानेपासून तं पायाच्या बोटापर्यंत, एक जागा सोडू नोका." आणि लोक पाहत असताना, ज्या माणसानं आयुष्यात दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावला नव्हता त्यानं आपला दंड कराकरा खाजवला.

ताईच्या हातातला सोऱ्या थांबला. ज्या नवऱ्याचे कपडे तिनं जन्मभर उकळले, त्याला खरूज? तिनं तोंड उघडलं, भाऊजींकडे पाहिलं, दारात उभ्या पल्लवीकडे पाहिलं. मग सोऱ्या फिरवत ती म्हणाली, "मी तं कवाची म्हनून राह्यली, दाखवा म्हनून. ऐकते कोन." मला त्या क्षणी ताईच्या पाया पडावंसं वाटलं.

मावशी हसून हसून लोळायची बाकी राहिली. जगाची बोटं तपासणाऱ्या गुरुजींनाच खरूज, ही बातमी त्याच दिवशी हिंगणघाटला गेली. तिकडे सगळे पोट धरून हसले आणि मावशीची तिकडे ये-जा असल्यानं हसता हसता मलम लावायलाही तयार झाले. आमच्या घरात गोधड्या उकळल्या, वाळल्या, आठवड्यानं पुन्हा सगळं झालं. हळदीच्या दिवशी बायकांनी पल्लवीची बोटं धरून हळद माखली तेव्हा थोडी खाज तेवढी उरली होती. मी मात्र मांडवात उभा राहून प्रत्येक बाईचं तोंड निरखत होतो.

लग्नात आमच्याकडे भेटी असतात. मामानं मामाला, काकानं काकाला गळाभेट द्यायची. पुकारा झाला तसे भाऊजी नवा सदरा घालून पुढे गेले. मुलाच्या आतोबांनी चार पावलांवरूनच हात जोडले आणि मांडवात खसखस पिकली. भाऊजींनी अर्धे उचललेले हात खाली आणले, लांबून नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसले. लांबून नमस्कार करायला ते आयुष्यभर आवडीनं तयार असत. त्या दिवशी मात्र मला ते बघवलं नाही.

अजूनही लग्नाकार्यात कुणी ना कुणी त्यांना कागदाच्या कपात चहा देतं आणि स्वतः स्टीलच्या पेल्यात पितं. ते कुणाला काही सांगत नाहीत. गावात एक बदल मात्र झाला. पूर्वी ज्या बाया शिबिरात हात पदराखाली लपवायच्या, त्या आता आपण होऊन पुढे येतात, गुरुजीलेच झालती तं आपली काय लाज, म्हणतात. भाऊजी भिंग लावतात, फोटो पाठवतात आणि साबणानं हात धुतात.

पल्लवी दिवाळीला आली की नालवाडीला जाऊन येते. पाया पडण्याआधी ती दोन्ही हात त्यांच्यासमोर धरते, दहाही बोटं फाकवून. भाऊजी ते हात आपल्या हातात घेतात आणि भिंग न लावताच पाहतात. "साफ हायेत," असं म्हणतात, आणि तेही हळूच. मग तीही हात मागे घेत नाही आणि भाऊजीही हात धुवायला उठत नाहीत.