तिसरा पुकारा

अकोले तालुक्याच्या कचेरीत ज्यांचा आवाज सर्वांत दांडगा होता, त्या पुकारे अण्णांनी शेवटच्या काही वर्षांत कुणाच्या हाकेला ओ दिल्याचे कुणालाही स्मरत नाही. त्यांचे कामच हाका मारण्याचे. सुनावणीच्या दिवशी ते पट्टा सारखा करून व्हरांड्याच्या टोकाला उभे राहत आणि पक्षकाराचे नाव, बापाच्या नावासह, असे उच्चारीत की मैदानात पेंगणारा मनुष्य दचकून उठे. त्यांना स्वतःला मात्र कुणी हाक मारली तर ते मान वळवून पाहत, चालत येत, समोर उभे राहत. तोंडातून अक्षर निघत नसे.

समोरचा चहावाला त्यांना मुद्दाम डिवचीत असे. "अण्णा, ओ द्यायला काय साहेबाची सही लागती?"

अण्णा बशीतला चहा फुंकीत म्हणत, "ओ एकदाच द्यायची असती, गड्या. तुझ्या च्यासाठी खर्चू व्हय?"

नव्वदच्या दशकात मी कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहीत असे. शिक्षण परिस्थितीमुळे अर्धवट राहिले. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणास्तव परत आल्याचे उदाहरण तालुक्यात नाही. सारे मला भाऊसाहेब म्हणत. अण्णा दुपारच्या सुट्टीत माझ्याच टेबलाशी भाकरी सोडीत, त्यातली निम्मी मला देत, आणि तेथेच त्यांनी मला सादळ देशाची हकिकत सांगितली.

सादळ देश भंडारदऱ्याच्या पाण्याच्या पलीकडे. तेथे धुके कधी उठत नाही. कपडे, मीठ, बोलणे, सगळेच दमट. तेथल्या पाण्याला पूर्वी आवाज नव्हता. मग एका बाईचे मूल पाण्यात गेले. तिने काठावरून त्याला तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला मूल बाहेर आले. अंग ओले, केस कोरडे. त्याच क्षणी पाण्याने तिला तिच्याच आवाजात हाक मारली, आणि ती बेसावधपणे 'ओ' म्हणाली. मूल काठावर राहिले, बाई आत गेली. सादळात जादूचा उगम झाला तो असा.

तेव्हापासून तेथे हाक दोनदाच मारतात. बारशाला मुलाच्या कानात नाव सांगत नाहीत. तळहातावर ओल्या बोटाने लिहून मूठ मिटवतात. जे जादू शिकतात त्यांना सादकरी म्हणतात. ते ओ देत नाहीत, साठवतात. "एक ओ दिली, की एक मानूस परत," अण्णा सांगत. "त्याच्याफुडं त्यांचं बी काय चालत न्हाई."

मी विचारले, "ही कोणत्या पोथीतली कथा?"

"पोथी कसली, भाऊसाहेब! म्याच रचलंय. आमचा म्हादू ल्हान असताना निजायचा न्हाई, तवा रोज थोडं थोडं." ते हसले. मग डोंगराकडे पाहत हळूच म्हणाले, "पर आता ते सादळ माझं ऐकत न्हाई."

हा म्हादू त्यांचा एकुलता मुलगा. लग्न झाले, दोन मुली झाल्या, आणि एके दिवशी धरणाकडे गेला तो परतला नाही. काठावर चपला सापडल्या, माणूस सापडला नाही. अण्णांनी ओ देणे सोडले ते त्या दिवसापासून.

जुन्या कागदांवर मयतांची नावे राहून गेलेली असतात. असे नाव आले की अण्णा दोनदाच पुकारीत. कारकून आतून ओरडे, "अहो, तिसरा पुकारा कुठाय?"

"गेलेल्या मानसाला तीनदा बोलवू नये, रावसाहेब. येतंय."

'येतो' नव्हे, 'येतंय'. भाषेतला असा बारकावा माझ्या कानातून सुटत नाही.

पुढे म्हादूची बायको सुमन अर्जासाठी माझ्याकडे आली. ओढ्याकाठचा एक तुकडा आजोळाकडून म्हादूच्या नावे आलेला होता. त्यात विहीर मंजूर व्हायची, तर सातबाऱ्यावर जिवंत मनुष्याचे नाव पाहिजे. "भाऊसाहेब, मी किती वाट बघू? पोरींनी काय खायाचं?" असे ती म्हणाली. म्हादूचे नाव कमी करून तिचे लावावे, असा मी अर्ज लिहिला आणि बेपत्ता इसमाचे नाव रीतीप्रमाणे पूर्ण घातले : महादू गंगाराम. गंगाराम म्हणजे अण्णा.

अण्णांनी सुनेला अडवले नाही. "तिचं खरं हाय, लिवा. पर पुकारा दुसऱ्या कुनाला तरी द्या." साहेबांनी ऐकले नाही. पुकारा अण्णांचाच, आणि नियमाप्रमाणे तीनदा.

सुनावणीच्या दिवशी भर दुपारी धुके व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत आले होते. "महादू गंगाराम, हाजिर हो!" पहिला पुकारा नेहमीच्या आवाजात झाला. दुसऱ्याला आवाज फाटला. मग त्यांनी सुमनकडे पाहिले. ती पदर धरून खाली मान घालून उभी होती. तिसरा पुकारा त्यांनी कचेरीच्या आवाजात केलाच नाही; अंगणातल्या पोराला जेवायला बोलवावे, तसा केला.

कुणी आले नाही. क्षणभराने अण्णा धुक्याकडे वळले आणि स्पष्ट म्हणाले, "ओ."

त्यांना कुणीही हाक मारली नव्हती. मी हातभर अंतरावर होतो, हे जबाबदारीने लिहितो. मग माझ्या ध्यानात आले. मुलाच्या नावाला बापाचे नाव जोडलेले. मुलाला तीनदा हाक मारताना अण्णांनी स्वतःलाही तीनदा हाक मारली होती, स्वतःच्याच आवाजात.

त्यांनी पट्टा काढून खुंटीला अडकवला. जाताना सुमनच्या डोक्यावर हात ठेवला आणि पायऱ्या उतरून ते धुक्यात गेले. आत कारकुनाने 'गैरहजर' असा शेरा मारला.

थोड्याच दिवसांत म्हादू एस.टी.तून उतरला. सुरतेला गिरणीत होतो म्हणाला. "अण्णांनी हाक मारली, म्हनून आलो." गावाने पेढे वाटले. अण्णांच्या चपला तेवढ्या धरणाच्या काठावर मिळाल्या.

वर्ष सरता सरता नवराबायको माझ्या टेबलाशी येऊन बसली. "अण्णांच्या नावाचा पुकारा व्हावा, असा अर्ज लिवा," म्हादू म्हणाला. "तीनदा. मीच करतो." आणि तो चहा सांगायला गेला.

सुमन पुढे वाकली. "भाऊसाहेब, दोनदाच लिवा. पाया पडते तुमच्या."

"अगं, सासरा परत येईल एखादे वेळी."

"मामंजी येत असतील तर डोक्यावर घीन मी त्यांना. पर काय येईल, कुनाला ठावं? हे आलं तवापासून..." ती थांबली. नवऱ्याविषयी 'हे आले' म्हणणारी बाई 'आलं' म्हणाली होती. "पावसातनं भिजून येतं घरी. अन् केस कोरडे."

इतक्यात पाठीमागून, चहाच्या टपरीकडून, हाक आली, "भाऊसाहेब!" आवाज दांडगा होता, हुबेहूब अण्णांचा. मग पुन्हा एकदा, "भाऊसाहेब!"

मी ओ दिली नाही. मान खाली घालून अर्जाची शेवटची ओळ पूर्ण केली : 'सबब, सदर इसमाचा पुकारा दोनदाच करण्यात यावा, ही नम्र विनंती.'