माझ्या मापाचा कोट

कोट शिवायचं मी रागात ठरवलं. माझे बरेचसे चांगले निर्णय रागातच झालेत, त्यामुळे त्याचं मला काही वाटत नाही.

झालं असं, की मी नागपूरला एका मुलाखतीला गेले होते. पद अधिकाऱ्याचं. अंगात माझा सगळ्यात चांगला पंजाबी ड्रेस, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी पक्की केलेली, हातात फाइल. दारावरच्या माणसानं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न विचारता जिन्याकडे बोट दाखवलं. "ऑपरेटरच्या मुलाखती वर." आणि मीही मुकाट्यानं वर गेले! टायपिंगच्या मुलींमध्ये जाऊन बसले. चूक कळून खाली धावत आले तोवर माझं नाव पुकारून झालेलं. धापा टाकत आत शिरले आणि येत असलेल्या उत्तरांचीही माती केली.

परतीच्या एसटीत मी दातओठ खात बसले होते. बाबा एसटीतच ड्रायव्हर, निम्मा आठवडा मुक्कामाच्या गाडीवर, त्यामुळे आमच्या गावी, रोहण्याला, घरी आम्ही दोघीच. चपला काढायच्या आधीच आईला सांगितलं, "पुढच्या मुलाखतीले मी कोट घालून जाईन."

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "घाल ना मंग. कोट मानसायनंच घालावा असं कुठी लिहेल हाय का?"

पुढची मुलाखत वर्ध्याला होती, भर मे महिन्यात. एका खाजगी बँकेला खेड्यापाड्यांत फिरून शेतीची कर्जं पाहणारी अधिकारी व्यक्ती हवी होती, आणि आमच्या भागासाठी जागा एकच. ती जागा मला किती हवी होती ते सांगता येणार नाही. कोणत्या शिवारात कोण काय पेरतं, कोणाच्या विहिरीला पाणी टिकतं, हे मला लहानपणापासून माहीत. हे काम माझ्यासाठीच काढलंय असं वाटून मला रात्र रात्र झोप लागेना.

आर्वीच्या ज्या टेलरकडे आम्ही गेलो तो नवरदेवांचे आणि बँडवाल्यांचे कोट शिवणारा. बाईमाणसाचा कोट त्यानं जन्मात शिवला नव्हता. तो लाजून भिंतीकडे तोंड करून बसला, त्याच्या बायकोनं माझी मापं घेतली आणि मोठमोठ्यानं त्याला सांगितली. अर्ध्या बाजारानं ती ऐकली असतील.

"रंग कोनता, ताई?" त्यानं भिंतीलाच विचारलं.

मी मोबाइलमधला करडा कोट दाखवायला पुढे झाले, तोवर आई बोलून मोकळी झाली. "निळा."

"निळ्यात लय निळे हाय, माय."

"आमच्या चौकातल्या पुतळ्याच्या अंगावर हाय तो."

त्यानं एकदाच मागं वळून आईकडे पाहिलं आणि बरोबर तोच कापडाचा गठ्ठा फळीवरून खाली ओढला. करड्या रंगाचा विषय तिथंच संपला. खरं सांगू, तो निळा माझ्या खांद्यावर टाकून आरशात पाहिल्यावर मलाही दुसरा कोणता रंग नकोच वाटला. 

"अन् खिसे ठेवजो मोठे," आई म्हणाली. "आतून बी एक. बायकायच्या कपड्याले खिसेच नसते, त्याच्यात काय ठेवावं मानसानं?"

कोट आला तेव्हा खांद्यांत इतका कापूस भरलेला, की मी दारातून तिरपी होऊन आत येते की काय असं वाटलं. थोडा काढायला लावला. आईचं मत मात्र खांदे असेच पाहिजेत.

मग आमची तयारी सुरू झाली. मोबाइलवर एक मॅडम ऑफिसात कसं दिसावं ते शिकवायच्या. आई दळण निवडता निवडता माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकायची. मॅडम म्हणाल्या, दागिना एकच घाला, कानात बारीक खडा. आईनं तिचे झुमके निमूटपणे डब्यात परत ठेवले. मॅडम म्हणाल्या, घड्याळ चामडी पट्ट्याचं, केस मागे घट्ट, नखं कापलेली. सगळं कबूल. मग मॅडम म्हणाल्या, लिपस्टिक ओठांच्याच रंगाची लावा.

"ओठायच्याच रंगाची लावाची तं लावाचीच काऊन?" आईनं विचारलं. ह्याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

बूट टाचेचे घेतले होते. अंगणात टाच मातीत रुतायची, म्हणून गावातल्या सिमेंट रोडवर सकाळी सराव करायचे. टक टक आवाज ऐकून बायका दारात यायच्या, पोरं मागोमाग चालायची, आणि मी मान ताठ ठेवून रोडच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे. हसणाऱ्यांवर एरवी मी खेकसले असते. त्या दिवसांत मात्र माझं मलाच हसू आवरत नव्हतं. 

मुलाखतीच्या दिवशी एसटीत मी आमच्याकडच्या सगळ्या मुलींसारखी, डोळे सोडून तोंडाला पूर्ण स्कार्फ, हातात मोजे. कोट कव्हरमध्ये घालून खिडकीच्या दांडीला लटकवलेला. शेजारच्या बाईनं आस्थेनं विचारलं, "लग्न कोनाचं हाय वो?" मी म्हटलं, "माझंच समजा."

वर्ध्याला स्टँडवरच्या लेडीज रूममध्ये स्कार्फ सोडला, केस बसवले, कानातले खडे पुसले आणि कोट चढवला. आरसा फुटका होता, त्यात माझं अर्धंच रूप दिसत होतं. तेवढंही मला फार आवडलं. बँकेच्या इमारतीपाशी रिक्षातून उतरले तर दारावरचा माणूस चक्क स्टुलावरून उठला. "या मॅडम." मला तिथंच नाचावंसं वाटलं. त्यानं जिन्याकडे बोट केलं नाही, माझ्यासाठी दार उघडलं!

आत तिघं बसले होते. एक बाई आणि दोन साहेब, त्यातले मधले पुण्या-मुंबईकडचे. पहिली उत्तरं अशी सणसणीत गेली की मी मनात स्वतःची पाठ थोपटली. मग मधल्या साहेबांनी व्याजाचा एक हिशोब घातला आणि कागद पुढे सरकवला. पेन मी आदल्या रात्रीच आतल्या खिशात ठेवलं होतं. ते ऐटीत बाहेर काढलं, आणि त्याच्यासोबत एक कांदा बाहेर आला. चांगला टपोरा, लाल. टेबलावर पडला, घरंगळत गेला आणि साहेबांच्या फाइलला टेकून थांबला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"कांदा, सर."

"ते दिसतंय."

"बाहेर ऊन फार आहे सर. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. आईनं ठेवलेला दिसतो."

"तुम्ही मानता हे?"

"नाही सर. पण आमच्या आईपुढे तसं बोलायची माझी छाती नाही."

बाई फस्सकन हसल्या. साहेब हसले नाहीत. खुर्चीत मागे रेलून त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिलं. "असल्या उन्हात, शेताच्या बांधावर, तुम्ही हा कोट घालून जाणार आहात?"

आता माझं डोकं तापलं. कोटावर मी काहीही ऐकून घेणार नव्हते. "जाईन सर. गावात ड्रेस घातलेली बाई कामाला आली, की लोक विचारतात, साहेब मागून येऊन राह्यले का? मागच्या मुलाखतीला ड्रेस घालून गेले, तर मला टायपिंगवाल्यांत पाठवलं. येत होतं ते सगळं तिथं वाया गेलं. घाम आला तर पुसता येतो सर."

बोलून गेले आणि वाटलं, संपलं. जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं! साहेबांनी पेनाच्या टोकानं कांदा माझ्याकडे ढकलला आणि म्हणाले, "हिशोब राहिलाय." मी हिशोब केला. उत्तर बरोबर आलं.

घरी येऊन आईवर तुटून पडले. "आई, कांदा! साहेबायच्या टेबलावर कांदा!"

"ऊन लागलं का तुले?"

"नाही."

"मंग?"

पुढचे दिवस मी मोबाइल उशाशी, कमरेशी, पाटावर, कुठेही गेले तरी सोबत ठेवला. पेरणीच्या तोंडावर आम्ही दोघी सोयाबीनचं बियाणं निवडत बसलो होतो तेव्हा फोन आला. निवड झाली! मी उठताना सूप लाथाडलं, सगळं अंगणभर दाणे, आणि आई रागवायचं सोडून माझे दोन्ही हात धरून गरगर फिरली. आमची कोंबडी बियाण्यावर ताव मारून राहिली होती, तिला हाकलायचंही आम्हाला भान नव्हतं.

संध्याकाळी मेल आला. रुजू व्हायची तारीख, कागदपत्रं, आणि शेवटी एक सूचना: गावभेटीच्या कामावर असताना बँकेचा टीशर्ट आणि टोपी घालणं सक्तीचं.

मी ते आईला वाचून दाखवलं आणि डोक्याला हात लावून बसले. आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. एवढा कोट, एवढे खांदे, एवढं भांडण, आणि अंगात काय घालायचं? टीशर्ट!

 आईनं उठून खुंटीवरून कोटाचं कव्हर काढलं आणि मला विचारलं, "म्हंजे हा तुले नाई लागत आता?"

"नाही."

"मले येईन का गं?"

 इतके दिवस ती निळा म्हणाली, खिसे म्हणाली, खांदे असेच ठेव म्हणाली, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की तिलाही अंगात घालून पाहावासा वाटत असेल. मी कोट धरला, तिनं बाह्यांत हात घातले. बाह्या लांब होत्या, त्या मी आत दुमडून टाके घातले.

आई बचतगटाची अध्यक्ष आहे. त्या आठवड्यात आर्वीला पंचायत समितीत सगळ्या गटांची बैठक होती. पांढऱ्या लुगड्यावर निळा कोट घालून ती सकाळच्या गाडीनं गेली, आणि दुपारच्या गाडीनं परत आली तेव्हा मानेवरून घामाच्या धारा वाहत होत्या, चेहरा लालबुंद.

"काय झालं बैठकीत?" मी विचारलं.

"तिथल्या साहेबानं मले पुढच्या खुर्चीत बसवलं. अन् मी बोलली. सगळ्यायच्या आधी बोलली."

"काढ न आता कोट. घामानं भिजली तू."

तिनं पाण्याचा तांब्या एका दमात संपवला, पदर नीट केला, वरचं बटण लावलं आणि पुन्हा दाराकडे निघाली.

"राहू दे वो," ती म्हणाली. "अजून अर्ध्या गावानं पाह्यलंच नाई."